भांडायला रॉटरडॅमला

आमच्या समोर राहणाऱ्या पमाताई करंदीकर गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीआधी रोज पहाटे पाठीवर बासमतीची पिशवी बांधून बिल्डिंगचा जिना चढायच्या. लिफ्ट चालू असायची. तांदूळ कुणाकडे पोचवायचाही नसायचा. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जायचं, गच्चीच्या दाराला हात लावायचा आणि खाली यायचं. वय साठीच्या पुढे, अंगात पंजाबी ड्रेस, पायात ट्रेकिंगचे बूट आणि तोंडाने पावकी-निमकी चालू. कुवेतच्या एका भारतीय शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे देवाचं नाव त्यांना सुचत नसावं.

आमचा हारिस, म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, इजिप्तचा अबू सईद. भाडं बुडवून पहाटे गुपचूप सामान हलवणारे भाडेकरू त्याने आमच्या या खैतान भागात पुष्कळ पाहिले आहेत. त्याने पमाताईंना जिन्यात अडवलं आणि पाठीवर काय आहे ते विचारलं. पमाताई म्हणाल्या, "लेश?" लेश म्हणजे अरबीत 'का'. इतकी वर्षं कुवेतमध्ये राहून त्या अरबीतला हा एकच शब्द मनापासून शिकल्या. अबू सईद बाजूला सरला. पुढे पुढे तो त्यांच्यासाठी जिन्यातले दिवे लावून ठेवायला लागला.

मराठीत त्यांचा शब्द 'का म्हणून?'. बँकेतला माणूस म्हणाला निळ्या शाईने सही करा, की का म्हणून. डॉक्टर म्हणाला गुडघ्यांना जपा, की का म्हणून. आणि हे नुसतं विचारून त्या थांबत नाहीत, उत्तरासाठी उभ्या राहतात. समोरच्याने उत्तर दिलंच, तर भूमितीच्या तासाला बसवल्यासारखं 'सिद्ध कर' म्हणतात. त्यांच्यामुळे आमच्या फार्मसीची रांग किती वेळा खोळंबली आहे ते त्या फार्मसीवाल्याला विचारा.

पण हाच शब्द कधी कधी अशा ठिकाणी पडायचा की ऐकणाऱ्याने मान खाली घालावी. करंदीकर, म्हणजे त्यांचे यजमान, इथेच कुवेतमध्ये अहमदीला नोकरीत असतानाच हृदयविकाराने गेले. त्यानंतरच्या संक्रांतीला मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. पमाताई काठापदराची साडी नेसून सगळ्यांच्या आधी हजर. कुंकवाची कोयरी घेऊन उभी असलेली बाई गोंधळली आणि इकडेतिकडे बघायला लागली. पमाताईंनी कपाळ पुढे केलं आणि म्हणाल्या, "का लावायचं नाही ते सिद्ध कर. नाहीतर लाव." तिने लावलं. तेव्हापासून आमच्या मंडळात विधवा बाईला कुणी कुंकवावाचून परत पाठवत नाही, निदान पमाताई हॉलमध्ये असेपर्यंत तरी नाहीच.

मी मूळची नाशिकची. अहमदीला एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. घरात नवरा मंदार आणि मुलगी ईरा, जिला मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीतच येतं. आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा पहिलं वर्षभर पमाताई माझ्याशी धड बोलत नव्हत्या. जिन्यात भेटल्या की माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी कुणाची तरी जागा अडवून बसले आहे. ते खरंच होतं. आमच्या घरात आधी जुलेखाभाभी राहायच्या.

जुलेखाभाभी आणि इस्माईलभाई दापोलीकडचे. गावी परत जाणाऱ्यांचं सामान खोक्यांत बांधून बोटीने पाठवायचं, हा इस्माईलभाईंचा धंदा. म्हणजे कुवेत सोडणारा प्रत्येक माणूस शेवटी त्यांच्या हाताखालून जायचा, आणि ते स्वतः मात्र जागचे हलायचे नाहीत. पमाताई आणि जुलेखाभाभी समोरासमोरच्या दारांत बसूनच म्हाताऱ्या व्हायच्या, असं सगळी बिल्डिंग धरून चालली होती. पण भाभींचा मुलगा रॉटरडॅमच्या बंदरात नोकरीला लागला आणि त्याने आईबापांना बोलावून घेतलं. जायच्या दिवशी भाभींनी पमाताईंचा कडीचा डबा परत केला. घासूनपुसून, लख्ख करून. आणि रिकामा.

शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे काय मी सांगायला हवं? घरात दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. पमाताईंनी झाकण उघडून आत पाहिलं, डबा घेतला आणि दार लावून टाकलं. विमानतळावर पोचवायलासुद्धा गेल्या नाहीत. मग भाभींचे रॉटरडॅमहून फोन आले, ते उचलले नाहीत. पहिल्या ईदला आले, दुसऱ्या ईदला आले, मग यायचे थांबले. तोवर पमाताई माझ्याशी बोलायला लागल्या होत्या; "बघ, थांबली ना," असं मला म्हणून त्या आणखी चिडल्या.

गेल्या वर्षी शाळेने पमाताईंना निरोप दिला. नोकरी संपली की कुवेतमधला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना संपतो, आणि मग तुम्ही इथे कितीही वर्षं काढलेली असोत, पेटी भरायची. त्यांचा मुलगा निखिल पुण्यात असतो. मुलगा गुणी आहे, पण योजना करणारा आहे. त्याने आईसाठी शहराबाहेर ज्येष्ठ नागरिकांच्या वसाहतीत फ्लॅट बघून ठेवला होता. तिथे रॅम्प आहे, रुग्णवाहिका आहे, दर शनिवारी हास्यक्लब आहे, असं त्याने फोनवर सांगितलं. शनिवारीच मी का म्हणून हसू, असं पमाताईंनी विचारलं.

आणि त्याच फोनमध्ये त्यांनी जाहीर केलं की इकामा संपायला अजून अवकाश आहे, तेव्हा पुण्याला यायच्या आधी मी युरोपात जाणार आहे, पाठीवर सामान टाकून. निखिलने ताबडतोब एका सहल कंपनीची जाहिरात पाठवली. रोज वरणभात, मराठी बोलणारा मार्गदर्शक, सोबत डॉक्टर. पमाताईंनी ती वाचून मला दाखवली आणि म्हणाल्या, की मी काय मेंढरू आहे?

मी विचारलं, की युरोपात बघायचं काय आहे तुम्हाला? त्यावर त्यांनी कपाटातून तो डबा काढून माझ्यासमोर ठेवला. डब्यावर 'चि. सौ. कां. प्रमिला हिस आत्याकडून' असं कोरलेलं होतं. मला रॉटरडॅमला भांडायला जायचंय, त्या म्हणाल्या. रिकामा का दिला ते जुलेच्या तोंडावर विचारायचंय. एकदा पुण्याला गेले की माझे गुडघे निखिलच्या ताब्यात जातील, मग कसलं रॉटरडॅम. हे आत्ताच व्हायला हवं, नाहीतर व्हायचं नाही. मी म्हटलं व्हिडिओ कॉल करा. त्यात तोंड नुसतं चौकोनात दिसतं, समोर बसलं की माणसाला पळता येत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, की तुझी रजा साठलीय ना?

मंदारने मला जा म्हटलं, कारण पमाताईंनी एकटीने जाऊ नये असं त्यालाही वाटत होतं आणि त्यांना नाही म्हणायची त्याची हिंमत नव्हती. व्हिसाच्या खिडकीवरच्या मुलीने येण्याचं कारण विचारलं तेव्हा पमाताई स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "भांडण." मी घाईघाईने पर्यटन म्हटलं. खोटं का बोललीस, म्हणून त्या घरी येईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

प्रवासातली माझी पहिली चूक म्हणजे मी त्या डब्यात मोजे कोंबायला गेले. पाठीवरच्या पिशवीत जागा किती कमी असते ते ज्याने बांधली आहे त्यालाच कळतं, आणि त्यात हा एवढा पोकळ डबा. पमाताईंनी माझ्या हातातून तो काढून घेतला. रिकामा दिलाय, रिकामाच न्यायचा. तो पुरावा आहे. पुराव्यात कुणी मोजे घालतं का?

त्यामुळे प्रत्येक विमानतळावर तमाशा. स्टीलचा बंद डबा यंत्रात काळा दिसतो, म्हणून तो बाहेर काढतात, झाकण उघडतात, आत बघतात, आणि काही नाही म्हटल्यावर जास्तच संशयाने बघतात. कुवेतच्या शिपायाने विचारलं, यात काहीच का नाही? पमाताई म्हणाल्या, "तेच तर मी विचारायला चालले आहे." लिस्बनला उतरल्यावर तिथल्या बाईने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि हे काय लिहिलंय ते विचारलं. आत्याने दिला, एवढंच पमाताईंनी सांगितलं. त्या बाईने झाकण लावून डबा दोन्ही हातांनी परत दिला. पमाताईंना ती फार आवडली.

लिस्बनला फिलोमिना भेटली. ती मूळची मडगावची, पमाताईंच्या शाळेत टायपिस्ट होती. आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला तशी कुवेत सोडून इकडे आली आणि आता एका इस्पितळाच्या कँटीनमध्ये काम करते. तिचं घर एका उभ्या चढावर, सगळ्यात वरच्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. मी दुसऱ्या जिन्यावर बसले. पमाताई बासमतीच्या पुण्याईवर थेट वर गेल्या आणि वरून पावकी म्हणत माझी वाट बघत उभ्या राहिल्या.

फिलोमिना आनंदाने इकडून तिकडे नुसती पळत होती. खिमा करू का, नको, ही बामणीण आहे, मग बटाटे करू का. जेवताना तिला रॉटरडॅमचा बेत कळला तेव्हा मात्र तिने हातातला पाव खाली ठेवला. सोडून दे मेन, ती आपल्या गोवेकरी ढंगात म्हणाली, या वयात भांडायला काय जातेस, जुलेखा तुझी बहीण होती. म्हणूनच जातेय, पमाताई म्हणाल्या, परक्या बाईशी मी तिकीट काढून कशाला भांडू? फिलोमिनाने जुलेखाभाभींचा पत्ता दिला, पण फोन करून कळवू दिलं नाही पमाताईंनी. तयारी करायला वेळ मिळता कामा नये, म्हणाल्या. परीक्षेच्या पेपराबद्दल बोलावं तसं.

तिथून माद्रिद, बार्सिलोना, मग पॅरिस. वसतिगृहांत दुमजली खाटा. पमाताईंना वरचीच खाट हवी असायची. खालच्या खाटेवरची ब्राझीलची पोरगी स्वतःहून म्हणाली, आजी तुम्ही खाली झोपा, तर तिला का म्हणून ते विचारलं. सकाळी ती पोरगी यांच्याकडून वर्गमुळं शिकत बसलेली. संग्रहालयात रांग मोठी दिसली की पमाताई आत न जाता बाहेरच्या बाकावर बसायच्या. माणसं काय आणि चित्रं काय, ज्यांना आपल्याला भेटायचं असेल ती भेटतील, असा त्यांचा सिद्धांत होता. मी एकटीने आत जाऊन चित्रं पाहिली, आणि दर पाचव्या चित्राला बाहेर त्यांनी कुणाशी काय काढलं असेल याची काळजी केली.

पॅरिसला ती काळजी खरी ठरली. मनोऱ्यापाशी मी पाणी आणायला गेले तेवढ्यात पुण्याच्या एका सहलीच्या मार्गदर्शकाने पमाताईंना आपल्यात मोजलं. त्याची एक बाई स्वच्छतागृहात अडकली होती आणि पमाताईंमुळे संख्या बरोबर जुळत होती. तो त्यांना आजी चला, बस सुटतेय म्हणून हाताला धरून नेऊ लागला. मी परत आले तेव्हा सगळी सहल वर्तुळ करून उभी होती आणि मध्ये पमाताई त्याला बेरीज शिकवत होत्या.

भांडण मिटल्यावर सहलीतल्या बायकांनी चिवडा काढला. पमाताईंनी मेंढरं वगैरे सगळं विसरून खाल्ला. एका बाईने विचारलं, अशा एकट्या फिरता, मुलगा काही म्हणत नाही? म्हणतो ना, मी ऐकत नाही, पमाताई म्हणाल्या. मग त्या बाईने हळूच पमाताईंची पिशवी उचलून आपल्या पाठीवर घातली, पट्टे ओढले आणि तशीच त्या हिरवळीवरून चालत गेली, तिच्या नवऱ्याने हाक मारेपर्यंत. परत येऊन तिने वाटेसाठी चिवडा देते म्हणून डबा मागितला. पमाताईंनी कागदाच्या पुडीत घेतला. डबा असून पुडीत का, हे त्या बाईला कळलं नाही आणि मलाही सांगत बसावंसं वाटलं नाही.

रॉटरडॅमच्या गाडीत पमाताईंनी मला उलटतपासणी म्हणून दाखवली. पहिला प्रश्न हा, दुसरा प्रश्न तो. ती म्हणेल आठवत नाही, तर डबा काढायचा. ती म्हणेल घाईत राहून गेलं, तर विचारायचं की साखरेची चिमूट घालायला किती वेळ लागतो. डोळे चमकत होते, गाल लाल झाले होते. मला जुलेखाभाभींची दया यायला लागली होती.

भाभींचं घर बंदराजवळच्या एका उंच इमारतीत. खाली दाराशी बटणांच्या दोन रांगा आणि त्यात परकार हे भाभींचं आडनाव. पमाताईंनी नाव वाचलं. बटणाकडे हात नेला आणि खाली घेतला. आज शुक्रवार, म्हणाल्या, त्यांची नमाजाची गडबड असेल, थोडं थांबू. थांबलो. मग म्हणाल्या केस विस्कटलेत. केस बांधून झाले. मग म्हणाल्या, समोर कॉफी मिळते वाटतं. कॉफी झाली. परत दाराशी आलो, तर त्यांनी नाव पुन्हा एकदा वाचलं आणि वळून चालायला लागल्या. स्टेशनला जाऊ, म्हणाल्या.

मी विचारलं, का म्हणून? आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न त्यांना दुसऱ्या कुणी विचारला असेल.

"उगाच," त्या म्हणाल्या. आणि पिशवीचा पट्टा घट्ट करत, माझ्याकडे न बघता, "तिने ओळख दाखवली नाही तर?"

या बाईने व्हिसाच्या खिडकीवर भांडण म्हणून सांगितलं होतं. मला त्या क्षणी तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण पाठीवर पिशव्या असल्यामुळे ते जमण्यासारखं नव्हतं. मी बटण दाबलं. वरून कोण म्हणून आवाज आला. पमाताई दोन पावलं मागे सरल्या, तेव्हा मीच म्हटलं, कुवेतहून पमाताई आल्यात.

मग लिफ्टचं दार उघडलं आणि घरातल्या सपाता घातलेली, ओढणी एका खांद्यावरून जमिनीवर लोळणारी एक ठेंगणी बाई धावत आली. तिने पमाताईंच्या बुटांपासून वरपर्यंत एकदा पाहिलं.

"वर चल," जुलेखाभाभी म्हणाल्या. "आधी जेव. मंग भांड."

वर त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या आणि वालाचं बिरडं केलं. ते होईपर्यंत पमाताई स्वयंपाकघरात खुर्चीवर ताठ बसून होत्या आणि भाभी सगळं माझ्याशीच बोलत होत्या. मी त्यांच्या घरात राहते म्हटल्यावर तर त्यांनी जणू माझी वहीच तपासायला घेतली. मोरीचा नळ अजून गळतो काय? बाथरूमची कडी खालून ढकलायला लागते ते समजलं काय? मी हो हो म्हणत होते. एका बाईला तिच्याच घराची खबर देताना मला उगीचच चोरट्यासारखं होत होतं.

जेवण झालं. पमाताई उठल्या, पिशवी उघडली, डबा काढून टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. "ओळखतेस?"

भाभींनी आत पाहिलं. "तुझ्या आत्याचा."

"जाताना तू मला हा रिकामा दिलास."

"मी?" भाभींना खरंच आठवत नव्हतं. त्यांनी डबा उजेडात धरला, जणू आत काही लिहिलेलं असेल. "असंल गो. घरात होता काय त्या दिवशी? गॅस सोडलेला, फ्रिज इकलेला, साखरेचा डबा ह्यांनी कवाच खोक्यात बांधलेला. नळाला पानी होता. ता घालून देऊ?"

सगळी उलटतपासणी तिथेच आटोपली. राहून गेलं, आठवत नाही, घाई होती, यातलं काहीच भाभी म्हणाल्या नव्हत्या. पमाताई उभ्याच राहिल्या. मग त्या खुर्चीत बसल्या आणि जे बोलायला लागल्या ते सगळं मला आजही शब्दाला शब्द आठवतं.

"करंदीकर गेले आणि मी घरात एकटी. तू रोज डबा पाठवायचीस. मग मला त्यात काहीतरी घालून परत द्यायला लागायचं. म्हणजे काहीतरी करायला लागायचं. म्हणजे अंथरुणातून उठायला लागायचं. हा डबा इकडून तिकडे जायचा, तिकडून इकडे यायचा, त्यावर माझे दिवस चालले होते, जुले. आणि तू तो रिकामा हातात दिलास. मला कळलं की आता उद्यापासून काही नाही."

भाभींनी डबा खाली ठेवला. "माझ्या भाकरीला तुझा वरण आमटीपेक्षा पातळ," त्या म्हणाल्या, "तरी रोज खाल्ला मी. कशाला खाल्ला? मला नव्हता ठाव?"

"मग जाताना म्हणाली का नाहीस काही?"

"तू दार लावलंस."

मग त्या दोघी भांडल्या. भांड्याला भांडं लागणारच म्हणतात, पण इथे तर सगळी मांडणीच कोसळली. तू फोन उचलला नाहीस, तू आणखी एकदा का केला नाहीस. तुझ्या मुलाने तुला इथे थंडीत आणून टाकलं, तुझा तर तुला हसायला पाठवतोय. वालाला मोड नीट आले नव्हते इथपासून ते करंदीकरांचं ब्लडप्रेशर वेळेवर कुणी बघितलं नाही इथपर्यंत. दोघी रडत होत्या आणि एकमेकींना बोलू देत नव्हत्या. इस्माईलभाई दुकानातून सामान घेऊन आले, दारात उभे राहून ऐकलं, माझ्याकडे बघून हसले आणि पुन्हा बाहेर निघून गेले.

पमाताई तिथे राहिल्या. मी दोन दिवस बंदरावर एकटी फिरले, बोटी पाहिल्या, हेरिंगचा तुकडा शेपटीला धरून खायचा प्रयत्न केला. संध्याकाळी घरी यावं तर या दोघी एकाच सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या, आणि वाद चालू. निघताना भाभींनी डबा ठेवून घेतला. पमाताईंनी का ते विचारलं नाही.

कुवेतला परत आलो आणि मी बदलले. काय झालं ते आधी माझंच मला कळेना. पमाताई सामान आवरायला लागल्या. वर्गातले तक्ते शाळेला दिले, झाडं अबू सईदला दिली, ईराला भूमितीची पेटी दिली. त्यांनी कशाला बोलावलं की मी काम आहे म्हणायची. प्रयोगशाळेत नमुने आलेत, ईराची परीक्षा आहे. त्या पुण्याच्या फ्लॅटबद्दल सांगू लागल्या, तिथल्या हास्यक्लबात भांडायला किती वाव आहे वगैरे, तर मी फोनमध्ये बघत हं हं करत होते. मंदारने विचारलं, तुझं त्यांच्याशी काही वाजलंय का? मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं.

जायच्या दिवशी दुपारी बेल वाजली. टॅक्सी खाली आली होती. अबू सईद पेट्या लिफ्टमध्ये घालत होता. दारात पमाताई, बूट घालून, पाठीवर ती पिशवी.

"चिडलीस," त्या म्हणाल्या.

"नाही. कशाला चिडू?"

"मी जुलेशी बोलले नाही त्याचं काय झालं ते तू डोळ्यांनी बघितलंस. रॉटरडॅमपर्यंत जावं लागलं. तू तसं करायचं नाहीस. काय असेल ते आत्ता बोल. उभ्या उभ्या भांड."

मी चाळिशी ओलांडलेली बाई. हाताखाली चार माणसं आहेत, घरात वयात आलेली मुलगी आहे. मला वाटलं काहीतरी शहाण्यासारखं बोलावं, नीट जा, फोन करा, तब्येत सांभाळा. त्याऐवजी मी म्हटलं, "तुम्ही जाऊ नका."

पमाताईंकडे प्रत्येक वाक्याला उलट प्रश्न असतो. मी त्याची वाट बघत राहिले. त्यांनी पाठीवरची पिशवी काढली आणि उंबऱ्यात ठेवली.

"मला तरी कुठे जायचंय गं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी अबू सईदला खाली टॅक्सी थांबवायला सांगितलं आणि आत येऊन बसल्या. विमानाला अजून वेळ होता.